अध्ययनशैली आणि एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा

‘नवीन यंत्र हाती आलं की तुम्ही आधी आकृती बघता, कुणाला तरी विचारता, माहितीपुस्तिका वाचता, की सरळ बटणं दाबून बघता?’ अशा प्रश्नांची पत्रिका मुलांकडून भरून घ्यायची, गुण मोजायचे आणि प्रत्येकाच्या नावापुढे ‘दृक्’, ‘श्राव्य’, ‘वाचन-लेखन’ किंवा ‘कृतिशील’ असं लिहायचं. मग ज्याची जी शैली, त्याला तसं शिकवायचं. अध्ययनशैलीची ही कल्पना शिक्षकांमध्ये चांगलीच रुजली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधल्या ९३ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांनी ती खरी मानली होती. प्रत्येक मूल वेगळं आहे, सगळ्यांना एकाच काठीने हाकू नये, ही त्यामागची कळकळ खरी आहे. पण ही कल्पना पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. ती कसोटी कशी घ्यायची हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

आधी थोडा इतिहास. शैली ठरवण्याची पद्धत एकच नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा अशी ७१ प्रारूपं सापडली. त्यांतलं सर्वाधिक परिचित म्हणजे ‘वार्क’. पूर्वी शाळा तपासनीस म्हणून काम केलेल्या न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी ते १९८७ च्या सुमारास मांडलं. वर दिलेले चार गट त्यांचेच.

आता कसोटी. समजा, हृदयाचं कार्य शिकवायचं आहे. प्रश्नपत्रिकेवरून मुलांचे ‘दृक्’ आणि ‘श्राव्य’ असे दोन गट केले. दृक् गटातल्या निम्म्या मुलांना आकृतीवरून शिकवलं, चाचणी घेतली, सरासरी ७० गुण पडले. त्याच गटातल्या दुसऱ्या निम्म्या मुलांना फक्त तोंडी समजावलं, त्यांना ५५ पडले. म्हणजे दृक् मुलांना आकृतीने फायदा होतो हे सिद्ध झालं का? बहुतेक जण हो म्हणतील. पण उत्तर नाही असं आहे, कारण श्राव्य मुलांना आकृतीवरून शिकवलं असतं तर काय झालं असतं, हे आपण पाहिलंच नाही. समजा त्यांना आकृतीवरून ६० आणि तोंडी शिकवून ४५ पडले. मग आकृतीचा फायदा दोघांनाही झाला, आणि तोही तेवढाच, १५ गुणांचा. हृदयाचे चार कप्पे आणि रक्ताचा मार्ग चित्रात नीट दिसतो, तोंडी सांगताना गोंधळ होतो, एवढंच यातून कळलं. मुलाच्या शैलीबद्दल काहीच कळलं नाही.

आलेख काढा. आडव्या अक्षावर डावीकडे ‘आकृती’, उजवीकडे ‘तोंडी’ आणि उभ्या अक्षावर गुण. दृक् गटाची रेषा ७० वरून ५५ वर उतरेल, श्राव्य गटाची ६० वरून ४५ वर. दोन्ही रेषा समांतर. शैलीचा दावा खरा ठरायचा तर श्राव्य गटाची रेषा उलट चढायला हवी, तोंडी शिकवल्यावर त्यांना आकृतीपेक्षा जास्त गुण पडायला हवेत. म्हणजेच दोन्ही रेषांनी एकमेकींना छेदायला हवं.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो हमखास निसटतो. समजा दृक् गटाचे गुण ७० आणि ५५ आहेत, पण श्राव्य गटाचे ६० आणि ५८. आता रेषा समांतर नाहीत. आकृतीचा फायदा एका गटाला १५ गुणांचा, दुसऱ्याला फक्त दोनचा. संख्याशास्त्राच्या भाषेत इथे परस्परक्रिया आहे. तरीही शैलीनुसार शिकवण्याला यातून आधार मिळत नाही. श्राव्य मुलांनासुद्धा आकृतीच बरी पडते आहे, म्हणून वर्गात सगळ्यांना आकृती दाखवणं हाच शहाणपणाचा निर्णय ठरेल. नुसता फरक असून भागत नाही. एका गटाला जी पद्धत सर्वोत्तम, ती दुसऱ्या गटाला सर्वोत्तम नसावी, तरच मुलांची वर्गवारी करण्याचे कष्ट सार्थकी लागतात. शिवाय कुणाला कोणत्या पद्धतीने शिकवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं आणि शेवटची चाचणी सगळ्यांना एकच हवी.

हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी २००८ साली हीच अट लावून आधीचं संशोधन तपासलं. शैलींवर लिखाण ढीगभर होतं, पण या रचनेचे प्रयोग जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष तर थेट दाव्याच्या विरोधात होते. २०१५ मध्ये बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना एका माहितीपर पुस्तकाचे भाग, काहींना ऐकवून तर काहींना वाचायला देऊन, लगेच आणि दोन आठवड्यांनी चाचणी घेतली. आपल्या आवडीच्या पद्धतीने शिकलेल्यांना काहीही जास्तीचा लाभ झाला नव्हता. इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या ४२६ विद्यार्थ्यांची पाहणीही अशीच. बहुतेक जण स्वतःच्या ‘शैली’प्रमाणे अभ्यास करतच नव्हते, आणि जे करत होते त्यांची कामगिरी इतरांपेक्षा चांगली नव्हती.

असं का व्हावं? कारण शाळेत शिकलेल्या बहुतेक गोष्टी आपण अर्थाच्या रूपात साठवतो. बाष्पीभवन म्हणजे काय हे तुम्हाला आठवतं, पण ते ऐकलं होतं की वाचलं होतं हे बहुधा आठवत नाही. जिथे रूपच महत्त्वाचं असतं तिथे पद्धत विषय ठरवतो. नकाशातला आकार डोळ्यांनीच बघावा लागतो, उच्चार कानांनीच ऐकावा लागतो, पोहणं पाण्यात उतरूनच येतं, आणि हे सगळ्यांनाच लागू आहे. आकृती दाखवत बोललं की वर्ग खुलतो हा शिक्षकांचा अनुभवही खराच. शब्द आणि चित्र एकत्र आल्याने स्मरण सुधारतं, पण ते सरसकट सगळ्यांचं.

आवडनिवड खोटी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. एखाद्याला चित्रं खरंच आवडतात. २०१७ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की दृक् शैलीच्या लोकांना चित्रं आपल्या जास्त लक्षात राहतील अशी खात्री वाटत होती, पण प्रत्यक्ष आठवण्यात ती खात्री उतरली नाही. प्रश्नपत्रिका ही आवड मोजते, शिकणं मोजत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे बोटांचे ठसे घेऊन मुलाची अध्ययनशैली आणि बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचण्या. ठशांची नक्षी मूल जन्मायच्या कितीतरी आधी गर्भातच ठरते. त्यावरून शिकण्याची रीत सांगणं म्हणजे हातावरच्या रेषा बघून भविष्य सांगणंच आहे, फक्त संगणकाच्या छापील अहवालात. असा अहवाल हाती आला की मूल ‘मी वाचणाऱ्यांतला नाही’ असं म्हणून वाचणं सोडू शकतं. त्यासाठी पालकांनी पैसे मोजावेत याचा मला मनापासून राग येतो.

मग रेषा कधी छेदतातच नाहीत का? छेदतात, आणि छान छेदतात. ऑस्ट्रेलियात स्लावा कल्युगा, जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांनी तांत्रिक कारागिरीच्या प्रशिक्षणार्थींवर केलेले प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाले. नवख्यांना पायरी-पायरीने सोडवून दिलेली उदाहरणं अभ्यासायला दिली की ते जास्त शिकायचे. पण त्यांचा हात बसल्यावर चित्र पालटलं. आता स्वतः उदाहरणं सोडवणं जास्त उपयोगी ठरू लागलं. कारण कार्यकारी स्मृतीत, म्हणजे विचार करताना आपण गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवतो त्या स्मृतीत, एका वेळी फार थोडं मावतं. नवख्याला सगळ्या पायऱ्या स्वतः शोधायला लावलं तर त्याची स्मृती त्यातच भरून जाते, शिकायला जागाच उरत नाही. जाणत्याला मात्र त्या पायऱ्या आधीच ठाऊक असतात. त्याला त्या पुन्हा वाचायला लावणं म्हणजे निष्कारण ओझं. इथे मुलांचे गट पाडायला आधार आहे, आणि तो पूर्वज्ञानाचा आहे.

पूर्वज्ञान ओळखायला मोठी प्रश्नावलीही लागत नाही. दशांश अपूर्णांक घ्या. ०.२५ आणि ०.७ यांत मोठी संख्या कोणती? काही मुलं ०.२५ म्हणतात, कारण २५ हे ७ पेक्षा मोठे. त्यांच्या डोक्यात अजून पूर्णांकांचाच नियम आहे. बाकीच्यांनी ०.७ असं बरोबर उत्तर दिलं म्हणून पुढे जाऊ नये. त्यांना ०.४ आणि ०.८५ विचारा. आता काही जण ०.४ मोठी म्हणतील. शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो हे त्यांना कळलंय, पण त्यावरून ‘जितके अंक जास्त तितकी संख्या लहान’ असा भलताच नियम त्यांनी बांधलाय. पहिल्या प्रश्नात याच चुकीच्या नियमाने त्यांचं उत्तर बरोबर आलं होतं.

दोन प्रश्नांत तीन गट हाती लागले. पहिल्या गटाला दशांश चिन्हानंतरचा प्रत्येक अंक कोणत्या स्थानावर आहे इथपासून शिकवायला हवं, ०.७ म्हणजे ०.७० हे संख्यारेषेवर मांडून दाखवायला हवं. दुसऱ्याला दशांश आणि शतांश यांतला फरक पुन्हा समजावण्यात वेळ घालवू नये, तो त्याला येतो. ०.८५ मध्ये आठ दशांश आधीच आहेत, पाच शतांश त्यावर आणखी आहेत, हे त्याला दिसायला हवं. तिसऱ्याच्या हाती अवघड गणितं द्यावीत आणि त्याला ती एकट्याने सोडवू द्यावीत.