६०० पटाच्या शाळेत दम्याची मुलं किती?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा खानदेशात कापसाची वेचणी जोरात असते, रात्री गारठा पडू लागलेला असतो आणि वर्गात खोकला सुरू झालेला असतो. ‘हवा बदलली’ म्हणून तो सोडून दिला जातो. पण एखादं पोर दर वर्षी याच दिवसांत पहाटे तीन-चारला खोकत उठतं आणि कबड्डीचा एक डाव झाला की छाती धरून बसतं. त्याची छाती डॉक्टरांनी तपासायला हवी.

ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या पाहणीत भारतातली नऊ केंद्रं होती, पुणे त्यांपैकी एक. ६-७ वर्षांच्या मुलांत दम्याचं प्रमाण ३.१६ टक्के निघालं, १३-१४ वर्षांच्या मुलांत ३.६३. हाच हिशेब लावला तर ६०० पटाच्या शाळेत साधारण वीस मुलं होतात. काळजीचा आकडा वेगळाच आहे. ज्यांच्या छातीत घरघर होती, त्यांतल्या ८२ टक्के जणांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं.

विचारण्यात फरक पडतो. ‘मुलाला दमा आहे का?’ म्हटलं की पालक नकारार्थी मान हलवतात. मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने आणखीच. ‘गेल्या १२ महिन्यांत छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का?’ असं विचारलं, की आईला रात्र आठवते. १९९१ साली सुरू झालेल्या, मुलांच्या दमा-ॲलर्जीच्या ‘आयझॅक’ पाहणीत हाच प्रश्न देशोदेशी विचारला गेला. मोठ्या मुलांसाठी तर धाप लागलेल्यांची चित्रफीत होती: तुला असं कधी झालंय का? पालकसभेत शिक्षकांनीही असंच विचारावं. नाकाकडेही बघावं. सकाळी ओळीने शिंका, तळहाताने नाक वर चोळायची सवय, त्याने नाकावर उमटलेली आडवी रेघ, ही ॲलर्जीची खूण. दम्याच्या बहुतेक मुलांना हा नाकाचा त्रासही असतो.

आपल्याकडे भर घालणाऱ्या गोष्टी घरातच असतात. भाव येईपर्यंत खोलीत भरून ठेवलेला कापूस, त्यातला पाल्याचा चुरा आणि धूळ. धाब्याच्या छतातून झडणारी माती. पऱ्हाटीवर पेटवलेली चूल. कापूस ठेवलेल्या खोलीत मुलाला झोपवू नये, एवढं तरी प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे.

‘पंपाची (इनहेलरची) सवय लागते’ ही भीती मात्र मुलांना फार महागात पडते. साल्ब्युटामॉल या धाप उतरवणाऱ्या औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं औषध शरीरात जायला १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे ४० दाब लागतील. पंपाचं औषध थेट श्वासनळीत उतरतं, म्हणून थोडक्यात भागतं. साल्ब्युटामॉलने धाप उतरते, श्वासनळीची सूज नाही. सुजेसाठी स्टेरॉइडचा पंप असतो आणि तो मूल ठणठणीत दिसत असतानाही डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घ्यायचा असतो. बरं वाटलं म्हणून तो बंद होतो आणि पुढच्या थंडीत मूल पुन्हा दवाखान्यात दिसतं.

घेण्याची रीत चुकली तर औषध जिभेवरच राहतं. पंप चार-पाच वेळा हलवावा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला) लावावा, मुलाला ताठ बसवावं. एक दाब, मग स्पेसरमधूनच सावकाश पाच-सहा श्वास. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. दोन दाब लागोपाठ मारू नयेत. स्टेरॉइडनंतर चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

शाळेत धाप लागली तर मुलाला आडवं करू नये, बसतं ठेवावं. साल्ब्युटामॉलचे चार दाब, एकेक करून. चार मिनिटं थांबावं. उतार नसेल तर आणखी चार दाब आणि लगेच गाडी बोलवावी, १०८ला फोन करावा. ओठ निळे पडले, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा एक वाक्य पुरं बोलता येईना, तर चार मिनिटांचीही वाट बघू नये. गाडी येईपर्यंत दाब चालू ठेवावेत. आणि पंप मुलाच्या दप्तरातच असावा. ऑफिसच्या कपाटाला कुलूप असतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते त्या दिवशी रजेवर असू शकतात.