रेड वाइन ‘खराब निघाली’ असं वाटलं तर आधी हे वाचा
(घरी चव घेऊन गुण देणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मार्च लागला की आमच्या वाइनच्या दुकानात काउंटरवर एक तक्रार हमखास येते. “परवा नेलेली रेड वाइन खराब निघाली. नुसता दारूचा भपका येतो, घशात जळजळतं, फळाची चव म्हणून नाही. बदलून द्या.” तक्रार करणारे बहुतेक हौशी मंडळी असतात. चार-सहा मित्र मिळून पाचशे ते हजार रुपयांतल्या दोन-तीन बाटल्या न्यायच्या, शेजारी शेजारी ठेवून चव घ्यायची, वहीत गुण मांडायचे, असा त्यांचा कार्यक्रम. आपल्या छत्रपती संभाजीनगरात असे गट वाढताहेत याचा आम्हाला मनापासून आनंद आहे, आणि हे पत्रक त्यांच्यासाठीच छापलं आहे. बूच कसं काढायचं, ग्लास दांड्याला का धरायचा, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यावर इथे शब्द खर्च करत नाही.

अशी बाटली परत आली की आम्ही ती आधी बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवतो. मग ग्लासात थोडी ओतून ग्राहकाच्या हातात देतो आणि फक्त वास घ्यायला सांगतो. भपका गेलेला असतो, जांभळाचा, काळ्या मिरीचा वास वर आलेला असतो. तक्रार बहुतेक वेळा तिथेच मिटते. वाइन खराब नव्हती, गरम होती.

गरम म्हणजे किती?

“रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नाही, रूम टेंपरेचरलाच प्यायची” हे सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. नियम चुकीचा नाही, पण तो युरोपातल्या थंड, दगडी घरांवरून आला. तिथे खोली सोळा-अठरा अंशांची असायची. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा चाळीसच्या पुढे जातो आणि रात्री आठलाही कूलर लावलेल्या हॉलमध्ये तीस-बत्तीस अंश असतात. त्या खोलीत दिवसभर टेबलावर उभी असलेली बाटली तितकीच तापलेली असते.

रेड वाइनमध्ये साधारण तेरा-चौदा टक्के अल्कोहोल असतं. वाइन तापली की ते आधी उडतं आणि नाकात तेच शिरतं, फळाचा नाजूक वास त्याखाली दबून जातो. आंबटपणा बोथट लागतो, त्यामुळे वाइन जड आणि ढिली वाटते. स्वस्त वाइनला हा मार जास्त बसतो. महागड्या बाटलीत वासाचे थर पुष्कळ असतात, एक दबला तरी दुसरा कळतो. सातशेच्या बाटलीत फळ हेच तिचं भांडवल, आणि तेच झाकलं गेलं तर तिला गुण कशावर देणार?

उलट टोकही नको. थेट फ्रीजमधल्या चार-पाच अंशांवर वास मिटून जातो आणि तुरटपणा टोचायला लागतो. हा तुरटपणा टॅनिनचा. फार उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, तोच प्रकार. तो येतो सालीतून आणि बियांतून. आपल्या जालन्याजवळ कडवंचीच्या बागांतून येणारं खायचं द्राक्ष पातळ सालीचं आणि बिनबियांचं असतं. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं. काळ्या द्राक्षाचा रस बहुतेक जातींत जवळजवळ बिनरंगाचाच निघतो. साली त्यात भिजत ठेवतात तेव्हा त्याला रंगही चढतो आणि तुरटपणाही येतो. म्हणून रेड वाइन थोडी तुरट असणारच, तो दोष धरू नका. पण बाटली फार थंड असताना तुरटपणावर मत बनवू नका.

मग योग्य तापमान किती? शिराझ, कॅबर्ने यांसारख्या द्राक्षांच्या जड रेडसाठी सोळा ते अठरा अंश. हलक्या, फळदार रेडसाठी चौदा-पंधरा चालतात. ग्लासात ओतलेली वाइन आपल्या उन्हाळ्यात बघता बघता तापते, म्हणून ओतताना ती एक-दोन अंश थंडच असू द्या.

ती थंड कशी करायची?

बादलीत किंवा मोठ्या पातेल्यात बर्फ घ्या आणि त्यात पाणी घाला. पाणी घालायलाच हवं. इथेच पुष्कळ जण चुकतात. नुसत्या बर्फाच्या खड्यांत बाटली खुपसली तर मध्ये हवा राहते आणि काच जागोजागीच थंड होते. पाणी बाटलीला चहूबाजूंनी बिलगतं. मूठभर मीठ टाकलं तर आणखी वेग येतो. पाणी बाटलीच्या मानेपर्यंत असावं. बत्तीस-चौतीस अंशांवरची बाटली अशी साधारण बारा ते पंधरा मिनिटांत जागेवर येते. मधे एकदा बाटली हलकेच उलटसुलट करा, नाहीतर तळ थंड आणि मान गरम राहते.

फ्रीजमधून करायची तर उन्हाळ्यात दीड-दोन तास धरा. “अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा” हा सल्ला वीस-बावीस अंशांच्या खोलीसाठी असतो, आपल्या एप्रिल-मेला तो पुरत नाही. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर बूच उचललं जातं, कधी बाटलीही तडकते. बाटलीला ओला पंचा गुंडाळून कूलरसमोर ठेवायची जुनी युक्ती आपल्या कोरड्या हवेत काम करते, पण चोवीस-पंचवीसच्या खाली क्वचितच नेते. ग्लासात बर्फ टाकू नका. गारवा येईल, पण वाइन पातळ होईल आणि गुणांना अर्थ उरणार नाही.

साधा स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर वापरा. आमच्याकडे मिळतो, बाहेर कुठे स्वस्त मिळाला तर तिथून घ्या, पण घ्या. दोन-चार वेळा मोजलंत की हाताला अंदाज येतो.

गाडीची डिकी आणि घरातला माळा

तापलेली वाइन थंड करून सुधारता येते. भाजलेली वाइन सुधारत नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं.

सकाळी आमच्याकडून बाटल्या घ्यायच्या, डिकीत टाकायच्या, मग गुलमंडीत खरेदी, एखादं काम, जेवण, आणि दुपारी बीड किंवा परभणीचा रस्ता. उन्हात उभ्या गाडीची डिकी पन्नास अंशांच्या पुढे सहज जाते. वाइन फुगते, बूच थोडं वर ढकललं जातं, कडेने एखादा थेंब बाहेर येतो आणि हवा आत जाते. घरी गेल्यावर बाटलीच्या तोंडावरचं वेष्टन फिरवून बघा. खाली चिकट लाल ओघळ असेल, बूच काठाच्या वर आलेलं असेल, तर ती बाटली भाजली आहे असं समजा. चवीला ती शिजवलेल्या मुरंब्यासारखी लागते, रंगात तपकिरी झाक येते. स्क्रू कॅपच्या बाटलीत ओघळ दिसला नाही तरी आतली चव तशीच बिघडते.

म्हणून आमचं सांगणं: खरेदी शेवटी करा, संध्याकाळी करा, आणि बाटली डिकीऐवजी एसीच्या हवेत, सीटखाली ठेवा. पाण्याच्या जारवर घालतो तसली जाड कापडी खोळ आम्ही काउंटरवर ठेवलेली आहे, बाहेरगावच्या ग्राहकांना ती देतो, पुढच्या फेरीला परत आणा. सोबत बिल आणि आपला परवाना असू द्या.

घरात सगळ्यात वाईट जागा तीन: फ्रीजच्या वर, गॅसच्या ओट्यालगतचं कपाट, आणि स्लॅबखालचा माळा. पत्र्याचं घर असेल तर कुठलीच जागा भरवशाची नाही. जुनं माळवदाचं घर असेल तर आतल्या खोलीत जमिनीलगत बाटली आडवी ठेवा, अशी जागा शहरातल्या फ्लॅटमध्ये मिळायची नाही. बाकी सर्वांनी मार्च ते जून सरळ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. तिथे ती काही आठवडे बिनघोर राहते. साध्या बुचाची असेल तर आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. स्क्रू कॅपची कशीही.

आणि साठवून ठेवू नका. “जितकी जुनी तितकी चांगली” हे मोजक्याच महागड्या वाइनला लागू पडतं. या किमतीतली रेड वाइन ताजेपणीच प्यायची असते. लेबलवरचं साल बघा, दोन-तीन वर्षांपेक्षा मागचं नको. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस, त्यापुढे ती स्वयंपाकात घाला.

गुण देताना

लेबल झाका. हे एक केलंत तरी आपल्या वहीची किंमत दुप्पट होईल. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन लेबल लपवून ठेवल्या होत्या. रेडमध्ये पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सच्या १९७३ च्या कॅबर्नेला गेला. परीक्षक जाणकार होते, तरी नाव दिसत नसताना त्यांनी दिलेला निकाल वेगळा आला. आपणही प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळा, वर आकडा लिहा, आणि गुंडाळणाऱ्याने ओतायला बसू नये.

सगळ्या बाटल्या एकाच तापमानाला आणा. एक फ्रीजमधून, एक टेबलावरून घेतली तर आपण वाइनला गुण देत नाही, फ्रीजला देता. ग्लास सगळ्यांचे सारखे, ओतायचं पन्नास मिलिलिटरच्या आसपास. एका बाटलीत असे पंधरा घोट निघतात, सहा जणांना दोनदा चव घेऊनही बाटली उरते. हलकी आधी, जड नंतर. बोलण्याआधी लिहा. गटात एखाद्याचा शब्द जड असतो, तो “मस्त” म्हणाला की बाकीच्यांची नाकं त्याच दिशेला वळतात.

तंबाखू, गुटखा, पान, बडीशेप तासभर आधीपासून बंद. दोन वाइनच्या मधे पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा घ्या. ब्रेड, बिस्किटांत साखर असते, भाकरीत नाही, आणि ती जीभ छान पुसते. ठेचा, लसणाची चटणी, येसराची आमटी गुण देऊन झाल्यावर. तिखटाने अल्कोहोलची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही वाढतात, वाइनवर विनाकारण ठपका येतो. जेवायला बसल्यावर मात्र मटणाचा नान खलिया (नानसोबत खायचा इथला खास रस्सा) आणि मिरीच्या वासाची शिराझ ही जोडी अवश्य करून बघा. आमच्या मते या शहराइतकी या वाइनला साजेशी जागा राज्यात दुसरी नाही.

वासाला परदेशी फळांची नावं शोधत बसू नका. जांभूळ, करवंद, खजूर, मिरी, लवंग, ओली माती, हे शब्द पुरतात. कॅबर्नेमध्ये ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो, तो त्या द्राक्षाचाच. फार उग्र असेल तर द्राक्ष पुरतं पिकलं नव्हतं असं लिहा, बाटली खराब आहे असं नाही. पहिल्या वासाला काडेपेटीसारखं काही जाणवलं तर ग्लास गरगर फिरवून पाच मिनिटं थांबा, बहुधा जातं. तळाशी गाळ किंवा बुचाला चिकटलेले स्फटिक दिसले तर घाबरू नका, दोन्ही निरुपद्रवी.

बदलून कधी देतो

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट गोणपाटाचा वास येत असेल तर तो बुचाचा दोष, त्यात आपली काहीच चूक नाही. उघडतानाच शिरक्यासारखी आंबलेली निघाली तरी तसंच. अशी बाटली आम्ही बदलून देतो, कुरकुर न करता. फक्त तीन चतुर्थांश वाइन आत असावी, बूच आणि बिल सोबत असावं, आणि आठवड्याच्या आत आणावी. तळाला दोन बोटं वाइन ठेवून आणलेल्या बाटलीवरून आम्हाला काही सांगता येत नाही. ओघळ आलेली, भाजलेली बाटली बदलत नाही. काहींना हे कठोर वाटतं, पण आमचा रेड वाइनचा साठा बारा महिने बावीस अंशांच्या खोलीत असतो, खिडकीत एकही बाटली मांडलेली नसते, आणि विजेचं बिल आम्ही छापील किमतीतूनच भरतो. काउंटर सोडताना बाटली ठीक होती याची खात्री आम्ही देऊ शकतो, डिकीची नाही.

“थोडी चव तर द्या” असंही पुष्कळ जण म्हणतात. आमचा परवाना सीलबंद विक्रीचा आहे, दुकानात प्यायला देता येत नाही. त्याऐवजी काही वाइन ३७५ मिलिलिटरच्या लहान बाटलीतही ठेवतो, पहिल्या ओळखीला ती पुरते. गटासाठी नाशिकची शिराझ, अकलूजची सांजोवेझे (मूळ इटलीच्या द्राक्षाची), बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची कॅबर्ने-शिराझ अशा एकमेकींपासून वेगळ्या बाटल्या एकाच बजेटात काढून देतो. एप्रिल-मेमध्ये फ्रीजमध्ये जागा नसलेल्या ग्राहकाला अख्खी पेटी घेऊ नका असंच सांगतो.

टेस्टिंगच्या दिवशी दुपारी चारपर्यंत फोन केलात तर सांगितलेल्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, आकडे टाकून तयार ठेवू. नावांची चिठ्ठी बंद पाकिटात मिळेल. घरी परतायला रिक्षा ठरवून ठेवा, आणि ड्राय डेची तारीख आधी विचारून घ्या.