नजर आहे तरी कुठे?

मोबाइल डावी-उजवीकडे भराभर हलवत हे वाक्य वाचून पाहा. अक्षरं फरकटतात. आता मोबाइल स्थिर धरा आणि 'नाही, नाही' म्हणताना हलवतो तशी मान तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं स्वच्छ वाचता येतात! मान वळल्याची खबर कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका देतात आणि साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेला फिरून तोल सांभाळतात. हलत्या वस्तूचा पाठलाग सुरू करायला मात्र डोळ्यांना १०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो.

म्हणूनच नजर कुठे आहे हे कळायला डोळा खोबणीत किती फिरला, एवढंच मोजून भागत नाही. डोळा १० अंश डावीकडे आणि डोकं १० अंश उजवीकडे वळलं, तर नजर होती तिथेच राहते. दोन्हींची बेरीज म्हणजे नजर. लांबच्या बाजूला पाहायचं असेल तर डोळे आधी उडी मारतात, जड डोकं मागून येतं, आणि ते येत असताना डोळे खोबणीत हळूहळू मध्याकडे परततात. नुसत्या डोळ्याचा आलेख पाहणाऱ्याला वाटेल, माणसाने नजर मागे वळवली. प्रत्यक्षात ती जागची हललेलीही नसते.

या मोजणीसाठी लोकांनी काय काय सोसलं आहे! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडमंड ह्यूई यांनी डोळा बधिर करून त्यावर प्लास्टरची टोपी बसवली आणि तिला जोडलेल्या काडीने वाचताना डोळे मारतात त्या उड्या टिपल्या. आजचा आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारं यंत्र, डोळ्याला हातही लावत नाही. अदृश्य अवरक्त प्रकाश टाकून तो बाहुलीचा मध्य आणि त्या प्रकाशाचा डोळ्यावर चमकणारा ठिपका यांतलं अंतर मोजतो. डोकं किंचित सरकलं तर दोन्ही जवळपास बरोबरीने सरकतात. डोळा फिरला की त्यांच्यातलं अंतर बदलतं. तरीही अर्ध्या ते एक अंशाची चूक सहज राहते. ६० सेंटीमीटरवरच्या पडद्यावर एक अंश म्हणजे सुमारे एक सेंटीमीटर, कधी कधी वरची ओळ की खालची, एवढा फरक. अमक्या शब्दावर नजर खिळली, असा दावा वाचला की मी आधी हा आकडा शोधतो.

आणि नजर अचूक सापडली तरी मन तिथेच असेल, याची खात्री नाही. डोळे न हलवता लक्ष बाजूला नेता येतं, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. एका शब्दावर नजर रेंगाळली, तर तो आवडला की अडला? आलेख सांगत नाही. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी एकाच माणसाला चित्रकार इल्या रेपिनचं एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं, दर वेळी प्रश्न मात्र वेगळा. माणसांची वयं विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवर घुटमळली. घरची परिस्थिती विचारली तेव्हा ती कपड्यांवर आणि सामानावर फिरली.