पहिल्या फांदीच्या खालचं खोड

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायची, हा आमचा सात-आठ जणांचा जुना नेम. मागच्या फेरीत पावसाने चिंब होऊन एका टपरीत चहाला टेकलो होतो. एका मित्राने मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली: कोरोनाचं मूळ अजून सापडलेलं नाही, सगळ्या शक्यता खुल्या आहेत. दुसरा लगेच म्हणाला, "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात ते उगाच नाही. पाच वर्षं झाली, आता कशाला उकरायचं?" समोर धुक्यात तोच डोंगर उभा होता, जिथून गोदावरी निघते. मी चालता चालता उत्तर द्यायला लागलो, पण पावसात आणि चढावर ते पुरं झालं नाही. ते इथे पुरं करतो.

बातमी खरी होती. जून 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने अहवाल दिला. उपलब्ध पुरावा विषाणू प्राण्यांमधून माणसात आल्याच्या बाजूने झुकतो, असं त्यात म्हटलं आहे. पण सुरुवातीच्या शेकडो रुग्णांचे जनुकीय क्रम, वुहानच्या बाजारात विकल्या गेलेल्या प्राण्यांची माहिती आणि तिथल्या प्रयोगशाळांच्या सुरक्षेचे तपशील चीनकडून मिळाले नाहीत, म्हणून कोणतीही शक्यता बाद केलेली नाही. लोकांनी यातलं "सापडलं नाही" एवढंच उचललं. न सापडलेल्या गोष्टीबद्दलही किती नेमकं सांगता येतं, हे मला मांडायचं आहे.

आधी एक गल्लत दूर करू. मार्च 2020 च्या शेवटी आपल्या जिल्ह्यातला पहिला रुग्ण निफाड तालुक्यात नोंदवला गेला, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, "कुणी आणला?" पहिला सापडलेला माणूस हाच पहिला बाधित, असं आपण धरून चालतो. या समजुतीने एका माणसाचं आयुष्य कसं नासवलं याचं उदाहरण एड्सच्या इतिहासात आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत तपास करणाऱ्यांनी एका रुग्णाच्या नोंदीपुढे इंग्रजी 'ओ' लिहिला होता. अर्थ एवढाच, की हा कॅलिफोर्नियाबाहेरचा. पुढे तो 'ओ' शून्य म्हणून वाचला गेला आणि तो माणूस 'पेशंट झीरो' ठरला, अख्ख्या साथीचा गुन्हेगार. 2016 मध्ये 1970 च्या दशकातल्या साठवलेल्या रक्तनमुन्यांतल्या विषाणूंचा जनुकीय मजकूर वाचला गेला, तेव्हा दिसलं की न्यूयॉर्कमध्ये एचआयव्ही 1970 च्या सुमारासच पोहोचला होता. कोणता विषाणू कोणापासून निघाला हे दाखवणारं झाड काढलं, तर त्या रुग्णाचा विषाणू मधल्याच एका फांदीवर होता. तोवर त्याला जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती.

आता हे झाड कसं काढतात ते पाहू. या सगळ्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट हीच.

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या वह्या डोळ्यांपुढे आणा. एका काकूंनी दुसऱ्या काकूंच्या वहीतून अभंग उतरवून घेतले, त्यांच्या वहीतून तिसरीने. उतरवताना एखादा शब्द चुकतो. ज्या बाईची चूक झाली तिच्या वहीवरून पुढे जेवढ्या वह्या निघतील, त्या सगळ्यांत ती चूक उतरते. मूळ वही हरवली तरी दहा वह्या शेजारी ठेवून, कुठल्या चुका कुणाकुणात सारख्या आहेत हे पाहून, कोणती वही कोणत्या वहीवरून निघाली हे सांगता येतं. नाथांनी शके 1506 मध्ये, याच गोदावरीच्या काठी पैठणला, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, त्यामागे अशीच नजर होती.

कोरोनाचा विषाणू म्हणजे साधारण 30,000 अक्षरांचा मजकूर. अक्षरं चारच: ए, सी, जी, यू. एका पानावर 300 अक्षरं बसवली तर शंभर पानी वही भरते. हा विषाणू माणसामागून माणसात जात असताना त्या वहीत महिन्याला सरासरी दोन अक्षरं बदलतात आणि पुढे टिकून राहतात. बहुतेक बदलांनी विषाणूचं काहीच बिघडत नाही, म्हणूनच ते कामाचे. टिकटिक ठरावीक वेगाने होत राहते. याला रेण्वीय घड्याळ म्हणतात, मॉलिक्युलर क्लॉक.

आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर नमुना घेतल्याची तारीख, उभ्या अक्षावर झाडाच्या मुळापासून झालेले बदल. समजायला सोपे आकडे घेतो: जानेवारीअखेरच्या नमुन्यांत सरासरी 5 बदल, मार्चअखेरच्या नमुन्यांत 9, मेअखेरच्या नमुन्यांत 13. या तीन ठिपक्यांतून पट्टीने रेषा काढा आणि मागे वाढवत न्या. बदल शून्य होतात ती तारीख येते नोव्हेंबरच्या मध्यावर. नोव्हेंबरमधला एकही नमुना हातात नसताना आपण नोव्हेंबरपर्यंत पोहोचलो. खऱ्या कामात हजारो नमुने असतात, ठिपके रेषेच्या आजूबाजूला विखुरलेले असतात, त्यामुळे एक तारीख न मिळता एक पट्टा मिळतो. पण तत्त्व हेच.

इथे जरा थांबायला हवं, कारण बातम्यांमध्ये हमखास चूक होते ती पुढच्या पायरीवर. ती शून्याची तारीख कशाची? पहिल्या माणसाला लागण झाली त्या दिवसाची? नाही.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांकडे गेलो होतो. त्यांनी आडनाव आणि गाव विचारून आमची नामावली काढली. लांब, पिवळी पडलेली वही, आधीची पानं मोडीत. आमच्या घराण्याची पहिली नोंद शके 1768 ची, म्हणजे 1846 ची. चार भावांची नावं. त्यातल्या तिघांच्या पुढे पान कोरं, वंश खुंटलेला. चौथ्या भावापासून आजची आमची सगळी भाऊबंदकी, नाशिकपासून सिन्नरपर्यंत पसरलेली. समजा ही वहीच नसती आणि फक्त आज हयात असलेल्या भाऊबंदांवरून कुणी मागे गेलं असतं, तर सगळ्या वाटा त्या चौथ्या भावापाशी येऊन मिळाल्या असत्या. त्याचे तीन भाऊ, त्याचा बाप, आजा, यांचा मागमूस लागला नसता. पण ते होते.

घड्याळ जी तारीख देतं ती या चौथ्या भावाची. म्हणजे आपल्या हातातल्या सगळ्या नमुन्यांच्या शेवटच्या सामाईक पूर्वजाची. झाडाच्या पहिल्या फांदीची. तिच्याखाली जे खोड आहे, त्याला फांद्या फुटल्या असतील आणि वाळून गेल्या असतील, पण नमुन्यांवरून ते दिसत नाही. ते किती लांब असेल याचा अंदाज बांधण्यासाठी 2021 मध्ये जोनाथन पेकर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर अशी साथ हजारो वेळा सुरू करून पाहिली. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. वुहान ज्यात येतं त्या हुबेई प्रांतातला पहिला माणूस 2019 च्या ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी बाधित झाला असावा. आणि अशा विषाणूने माणसात शिरकाव केला तरी दोन तृतीयांशाहून जास्त वेळा साखळी पुढे न जाता तिथेच विझते. कोऱ्या पानांचे भाऊच जास्त.

मी नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोचं काम करतो. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलीनमध्ये ठेवायचा, त्यातलं पाणी काढायचं, वितळलेल्या मेणात बसवून ब्लॉक करायचा आणि मायक्रोटोमवर त्याचे काप काढायचे. काप एकामागोमाग एक जोडलेले निघतात, त्या पट्टीला आम्ही रिबन म्हणतो. असाच एक ब्लॉक 1960 मध्ये आफ्रिकेतल्या काँगोमध्ये, आजच्या किन्शासात, एका स्त्रीच्या लसिकाग्रंथीचा केला गेला. त्यात एचआयव्ही होता, पण त्या वेळी एड्स हा शब्दही नव्हता. तो तुकडा बुआँच्या द्रावणात, म्हणजे फॉर्मलीनमध्ये पिक्रिक आम्ल मिसळलेल्या द्रावणात टिकवलेला होता. असं द्रावण ऊती टिकवतं पण आरएनएचे, म्हणजे विषाणूचा मजकूर ज्यात असतो त्या रेणूचे, बारीक तुकडे करून टाकतं, त्यामुळे अशा ब्लॉकमधला मजकूर सलग वाचता येत नाही. मायकेल वरोबी आणि सहकाऱ्यांनी तो तुकड्या-तुकड्याने जोडत वाचला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच शहरातला, 1959 सालचा एक रक्तनमुना आधीच वाचलेला होता. एकच शहर, एका वर्षाचं अंतर. मजकूर जवळजवळ सारखा असायला हवा होता. पण ताडून पाहिलेल्या भागात जवळपास 12 टक्के अक्षरं वेगळी निघाली!

एवढा फरक एका वर्षात पडत नाही, दोन वर्षांतही नाही. म्हणजे 1959 पर्यंत तो विषाणू त्या भागातल्या माणसांत कित्येक दशकं फिरून फाकत गेला होता. घड्याळाने तारीख दिली 1908 च्या आसपासची, 1884 ते 1924 या पट्ट्यात. आग्नेय कॅमेरूनमधल्या चिंपांझींमध्ये या विषाणूचे सगळ्यात जवळचे नातेवाईक सापडले आहेत. जगाला एड्स कळला 1981 मध्ये. एका मेणाच्या ठोकळ्याने सुरुवात सत्तर वर्षं मागे नेली. आजही ब्लॉक कापताना रिबन पाण्यावर तरंगायला लागली की मला ती काँगोतली बाई आठवते.

परत वुहानकडे. हा भाग किचकट आहे, पण वगळता येत नाही. सुरुवातीचे नमुने दोन शाखांत पडतात, त्यांना ए आणि बी म्हणतात. दोन्हींत फरक फक्त दोन अक्षरांचा: 8,782 व्या आणि 28,144 व्या जागी. ए शाखेत तिथे यू आणि सी, बी शाखेत सी आणि यू. वटवाघळांमधल्या नातेवाईक विषाणूंमध्ये याच जागी यू आणि सी आहेत, म्हणजे ए सारखं. त्यावरून ए जुनी वाटते. पण सुरुवातीला सापडलेले आणि वुहानच्या त्या ह्वानान बाजाराशी जोडलेले बहुतेक रुग्ण बी चे. ए शाखा त्या बाजारात सापडली ती एका हातमोज्यावर. जुनी शाखा आधी दिसायला हवी होती, ती मागून का दिसते? 2022 मध्ये पेकर गटाने सुचवलं की विषाणू प्राण्यांमधून माणसात दोनदा आला: आधी बी, नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास, आणि काही आठवड्यांनी ए. या गणितावर टीका झाली, त्यांना काही आकडे दुरुस्तही करावे लागले. दुसरी शक्यता अशी की शिरकाव एकच झाला आणि मधला दुवा आपल्या हाती लागला नाही. हा प्रश्न सुटलेला नाही.

घड्याळाचा एक उपयोग मात्र रोकडा आहे. 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणातून कोरोना आला आणि 21 जून 2020 च्या ग्रहणात तो जाईल, असे संदेश तेव्हा शिकलेल्या घरांतूनही फिरत होते. ग्रहण लागलं त्याच्या आधीच वुहानमध्ये रुग्ण आजारी पडत होते आणि विषाणूच्या फांद्या त्याहूनही आधी फुटल्या होत्या. पूर्वी पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे ढकलत. आजार दुसऱ्याच्या हद्दीत गेला की सुटलो, हा त्यामागचा भाव. 1918 च्या तापाला आपल्याकडे मानमोडी म्हणत आणि जग त्याला स्पॅनिश फ्लू म्हणत होतं, कारण महायुद्धात नसलेल्या स्पेनमध्ये वर्तमानपत्रांवर युद्धाची बंधनं नव्हती आणि तिथे तो उघड छापून आला. त्या साथीचं उगमस्थान अजून वादात आहे. नाव मात्र स्पेनला चिकटलं. साथीला देशाचं नाव देणं म्हणजे तोच गाडा ढकलणं, आणि त्याने कुणाचाही ताप उतरत नाही.

दुसरा गैरसमज "96 टक्के"चा. 2013 मध्ये युन्नानमधल्या मोजियांगच्या खाणीतून घेतलेला वटवाघळाचा विषाणू कोरोनाशी 96 टक्के जुळतो, म्हणून तोच प्रयोगशाळेतून बाहेर पडला, असं अजूनही सांगितलं जातं. 30,000 अक्षरांत उरलेले चार टक्के म्हणजे अकराशेहून जास्त अक्षरं. महिन्याला दोनच्या हिशेबाने मांडून पाहा, ही कित्येक दशकांची फारकत आहे. लाओसमध्ये सापडलेला आणखी जवळचा नातेवाईक 96.8 टक्के जुळतो, तरी त्याचा फरकही साडेनऊशेच्या घरात. शिवाय वटवाघळांत हे विषाणू एकमेकांशी मजकुराची अदलाबदल करतात. एका वहीची वीस पानं दुसरीत शिवली जातात, मग प्रत्येक पानाचा वंश वेगळा निघतो आणि घड्याळ पानागणिक लावावं लागतं.

माझं मत विचाराल तर मला बाजाराचं पारडं जड वाटतं. डिसेंबर 2019 चे रुग्ण, बाजारात कधी न गेलेलेसुद्धा, नकाशावर त्या बाजाराभोवती दाटलेले आहेत. जिथे जिवंत प्राणी विकले जात त्या कोपऱ्यातल्या नमुन्यांत विषाणू आणि रकून डॉग या प्राण्याचा जनुकीय अंश एकत्र सापडला. पण 1 जानेवारी 2020 ला बाजार बंद झाला आणि नमुने घ्यायला लोक आत गेले तोवर ते प्राणी तिथे नव्हते. ज्या प्राण्याची घशातली लाळ तपासायला हवी होती, तोच हातून गेला.

फेरीतल्या मित्राला मी हेच सांगत होतो की शोध संपलेला नाही, कारण नमुने संपलेले नाहीत. वुहानच्या रक्तपेढीतले सप्टेंबर ते डिसेंबर 2019 मधले 43 हजारांहून जास्त नमुने तपासून एकातही कोरोनाची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) मिळाली नाहीत, असं चिनी संशोधकांनी 2022 मध्ये मांडलं. एक कोटीहून जास्त वस्तीच्या शहरात तेव्हा बाधित माणसं अगदी थोडी असणार, या घड्याळाच्या हिशेबाशी ते जुळतं. आता हवा आहे नोव्हेंबरमधल्या एखाद्या न्यूमोनियाच्या रुग्णाचा नमुना, फ्रीझरमध्ये राहिलेला किंवा कुणी तरी मेणात बसवून कपाटात ठेवलेला. त्यात 8,782 व्या जागी एक अक्षर बदललेलं असेल आणि 28,144 व्या जागी जुनंच असेल, तर दोन शाखांमधला दुवा मिळेल आणि शिरकाव एकदाच झाला हे जवळपास ठरेल. तो ब्लॉक कापायला दहा मिनिटं लागतील.