जळगावच्या खोलीत सोळा व्हायोलिनं

गेल्या श्रावणाआधी मी आत्याच्या आवाजात खानदेशातल्या कानबाई देवीची दोन गाणी रेकॉर्ड केली. खोली साधीच. भिंतींना जुन्या गोधड्या टांगलेल्या, खिडकीत कूलर, आणि टेक सुरू झाला की कूलर बंद. आवाज छान आला. मग मला हौस आली, मागे व्हायोलिनांचा ताफा लावू या. संगणकात ऑर्केस्ट्राची सॅम्पल लायब्ररी होतीच, म्हणजे परदेशातल्या एका मोठ्या हॉलमध्ये सोळा वादकांनी एकेक स्वर वाजवून करून ठेवलेला साठा. कीबोर्डवर सुरावट वाजवली आणि आत्याला ऐकवली. दोन कडवी ऐकून ती अहिराणीत म्हणाली, “बेटा, यामा जीव नही शे.”

वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त कोडं पडलं. यातला प्रत्येक स्वर खऱ्या माणसांनी, खऱ्या लाकडावर वाजवलेला. शिवाय त्याच संगणकातला सॅम्पल केलेला पियानो आत्याला आधी खराच वाटला होता. मग व्हायोलिनचंच काय बिनसतं?

पियानोची कळ दाबली की हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे हटते. वादकाने द्यायची ती ऊर्जा एका फटक्यात दिलेली असते; पुढे तार आपली आपण विझत जाते. तबल्याची थाप, सतारीचा आघात, सगळे याच जातीचे. अशा वाद्याचा प्रत्येक स्वर हळू, मध्यम आणि जोरात असा टिपून ठेवला की बरंचसं वाद्य हाती लागतं. गजाच्या वाद्याचं तसं नाही. तिथे वादक स्वराला सोडतच नाही. स्वर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत क्षणाक्षणाला तो ऊर्जा ओतत असतो, आणि किती ओतायची हे दर क्षणी बदलत असतो.

हे ओतणं घडतं कसं? गजावर ताणलेल्या घोड्याच्या केसांना राळ लावलेली असते. केस तारेला चिकटतात, तिला आपल्याबरोबर ओढत नेतात. ताण वाढला की तार सटकते, मागे येते आणि पुन्हा चिकटते. व्हायोलिनच्या मोकळ्या ‘ए’ तारेवर हे चिकटणं-सटकणं सेकंदाला ४४० वेळा होतं. १८६० च्या दशकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने खास सूक्ष्मदर्शक वापरून या तारेची हालचाल पाहिली. डोळ्याला ती मधे फुगलेली दिसते, पण कुठल्याही एका क्षणी ती म्हणजे दोन सरळ रेषा आणि त्यांच्यामधला एक कोपरा, एवढंच असतं. हा कोपरा तारेवरून फिरत राहतो. तो गजापाशी येतो तेव्हा तार सटकते, टोकाला जाऊन परत आला की पुन्हा चिकटते.

आपल्याकडे या प्रश्नाने झपाटलेला माणूस म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाशाच्या विकिरणाबद्दल त्यांना १९३० मध्ये नोबेल मिळालं हे शाळेत शिकवतात. त्याआधी कोलकात्यात त्यांनी कित्येक वर्षं गजाच्या तारांवर काम केलं, हे सहसा शिकवत नाहीत. गजाच्या कंपनांवरचा त्यांचा मोठा प्रबंध १९१८ चा. माणसाचा हात दर वेळी वेगळा पडतो म्हणून त्यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्रच बनवलं, आणि त्यात गज स्थिर ठेवून व्हायोलिनच मागेपुढे सरकवलं! स्वर टिकून राहायला गजाचा किमान किती दाब लागतो आणि गजाचा वेग किंवा तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासूनचं अंतर बदललं की तो कसा बदलतो, हे त्यांना मोजायचं होतं. दाब कमी पडला तर तार शिट्टीसारखी कुजबुजते, जास्त झाला तर करकरते. वादक आयुष्यभर या दोन हद्दींच्या मधल्या पट्टीत वावरत असतो.

आता सॅम्पल लायब्ररी काय करते ते पाहा. तत्त्व जुनंच आहे. १९६३ मध्ये इंग्लंडात मेलोट्रॉन नावाचं वाद्य आलं. त्यात प्रत्येक कळीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे, त्यावर खऱ्या व्हायोलिनांचा स्वर. कळ दाबली की फीत सरके, साधारण आठ सेकंदांत संपे आणि स्वर तुटे. पुढे फितीच्या जागी आकडे आले. आमच्याकडच्या लग्नात बँडच्या गाडीवरच्या कीबोर्डवर ‘स्ट्रिंग्ज’चं बटण असतं, त्यातही पुष्कळदा टिपलेलेच स्वर असतात. पण जुन्या कीबोर्डांची स्मृती इवलीशी, म्हणून एकच स्वर ताणून पाच-सहा कळ्यांवर बसवलेला असे. ताणला की तो पोरकट वाटतो, आणि त्यालाही कारण आहे. व्हायोलिनच्या लाकडी पेटीचे आणि तिच्यातल्या हवेचे स्वतःचे ठरलेले अनुनाद असतात. वादकाने कुठलाही स्वर वाजवला तरी ते जागचे हलत नाहीत. रेकॉर्डिंग वर ताणलं की स्वराबरोबर पेटीही आक्रसते. कानाला ते कळतं, मेंदूला सांगता येत नाही.

म्हणून आजच्या लायब्ऱ्या शक्य तितके स्वर वेगवेगळे टिपतात, आणि तिथेच जागा खायला सुरुवात होते. हिशेब करू. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा म्हणजे तीन बाइट, डावा-उजवा मिळून दोन वाहिन्या: सेकंदाला २,८८,००० बाइट. दहा सेकंदांचा एक स्वर जवळजवळ तीन मेगाबाइट. व्हायोलिनचे ४४ स्वर, प्रत्येक चार जोरांत, आणि जवळच्या, मधल्या, दूरच्या अशा तीन ठिकाणच्या मायक्रोफोनांतून. झाले दीड गिगाबाइट. आणि हा फक्त साधा लांब गज. बोटाने छेडलेला, गज उडवत वाजवलेला, थरथरता, गजाच्या लाकडाने ठोकलेला, हे सगळं वेगळं. मोठ्या लायब्ऱ्या शेकडो गिगाबाइटच्या का असतात ते इथे कळतं. एवढं सगळं रॅममध्ये मावत नाही, म्हणून प्रत्येक स्वराचा फक्त सुरुवातीचा कण रॅममध्ये ठेवतात. तो वाजत असताना पुढचा भाग डिस्कवरून ओढून आणतात. हा मार्ग १९९८ मध्ये गिगासॅम्पलर नावाच्या सॉफ्टवेअरने रुळवला. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, स्वस्त झाल्या तेव्हा आमच्यासारख्यांनाही तो परवडला.

चार जोर वेगवेगळे टिपायचे कशाला, आवाजाची पट्टी वर-खाली करून भागणार नाही का? नाही. गज जोरात ओढला की आवाज मोठा होतो तसा त्याचा रंगही बदलतो. तारेतला तो कोपरा जास्त टोकदार होतो आणि वरचे उपस्वर उजळतात. हळू वाजवलेला स्वर कितीही मोठा केला तरी तो मोठ्याने केलेली कुजबुजच राहतो. म्हणून लायब्ररीत एका जोराच्या थरातून दुसऱ्या जोराच्या थरात सरकण्यासाठी कीबोर्डच्या डाव्या बाजूचं चाक वापरतात. वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या १९८३ च्या मिडी पद्धतीत त्याच्या ० ते १२७ अशा पायऱ्या असतात. वादकाचा उजवा हात, म्हणजे गजाचा हात, आता तुमच्या डाव्या हातातल्या या चाकात आलेला असतो. आणि मी ते चाक आत्याच्या संपूर्ण गाण्यात ६४ वर ठेवून दिलं होतं. दोन कडवी एकाच दाबाने गज ओढणारा वादक कुणी पाहिलाय?

दोन थर एकमेकांत मिसळताना काही क्षण दोन्ही रेकॉर्डिंग एकदम वाजतात. एकट्या व्हायोलिनच्या लायब्ररीत ही चोरी लगेच पकडली जाते: एका वादकाचे मधेच दोन होतात, दोघांची बोटं वेगळ्या लयीत थरथरतात, लाटा एकमेकींना कापतात. सोळा जणांच्या गटात मात्र ती लपून जाते, कारण तिथे आधीच सोळा थरथरी मिसळलेल्या असतात. माणसं वाढवली की नक्कल सोपी होते, हे मला आधी उलटं वाटायचं.

या सोळांचंही एक गणित आहे. एका व्हायोलिनचं रेकॉर्डिंग सोळा वेळा एकावर एक ठेवलं तर ताफा तयार होत नाही. सगळ्या लाटा एकमेकींवर चपखल बसतात आणि तेच एक व्हायोलिन २४ डेसिबलनी मोठं होतं. खरे सोळा वादक किंचित वर-खाली, किंचित मागे-पुढे असतात. त्यांच्या लाटा कधी जुळतात, कधी खोडल्या जातात, आणि एकूण वाढ भरते १२ डेसिबलच्या आसपास. उरलेले १२ डेसिबल मऊपणात गेले म्हणा हवं तर. ही माझी मोजणी आहे, भौतिकशास्त्राची नाही. याच गणितातून नवशिक्यांची ठरलेली चूक निघते. सोळांच्या गटाच्या आवाजात तीन बोटांनी तीन स्वर दाबले की अठ्ठेचाळीस व्हायोलिनं वाजतात. खऱ्या मंचावर तेच सोळा जण तीन गटांत वाटले गेले असते आणि प्रत्येक स्वर सडपातळ झाला असता.

तोकड्या स्वरांचा घोळ वेगळाच. एकच सॅम्पल भराभर परत वाजलं की मशीनगन झाडल्यासारखं वाटतं. म्हणून तोच स्वर चार-पाच वेळा टिपतात आणि आळीपाळीने सोडतात. हे तेवढं सोपं आहे.

अवघड आहे तो सांधा. ‘सा’वरून ‘ग’वर जाताना गज थांबत नाही, बोट सरकतं किंवा पडतं, तारेवरचा कोपरा क्षणभर गोंधळतो, नव्या लांबीशी जुळवून घेतो आणि मग नवा स्वर स्थिरावतो. ‘सा’ आणि ‘ग’ वेगवेगळे टिपून शेजारी ठेवले तर हा गोंधळ कुठेच नसतो. त्यावर उपाय एकच: सांधेच टिपायचे. प्रत्येक स्वरापासून वरचे बारा आणि खालचे बारा. ४४ स्वरांना ते हजाराच्या घरात जातात, तेही एकाच जोरात, एकाच शैलीत. व्हिएन्नामधल्या, २००० मध्ये एका माजी चेलोवादकाने सुरू केलेल्या प्रकल्पाने या सांध्यांवर विशेष मेहनत घेतली. हा प्रश्न आधी वादकालाच खुपावा, यात मला काही नवल वाटत नाही.

पण सांध्याला वेळ लागतो. तुम्ही ‘ग’ची कळ दाबता तेव्हा लायब्ररी आधी घसरण वाजवते आणि मग ‘ग’ येतो. एवढ्यात ताल पुढे निघून जातो. संयोजक ही संपूर्ण सुरावट काही मिलिसेकंद आधी सरकवून ठेवतात. मी तसं केलं नव्हतं, त्यामुळे माझा ताफा आत्याच्या मागे रेंगाळत होता. चाक हलवलं, सुरावट सरकवली, मीही एकदम दाबलेल्या तिन्ही स्वरांना स्वतंत्र ओळी दिल्या. निम्मं काम झालं.

राहिलेलं निम्मं आपल्या गाण्याचं आहे. लायब्ररीतले सांधे युरोपीय पद्धतीचे: एक स्वर, चटकन दुसरा. आत्या मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर सावकाश उतरते, वाटेत रेंगाळते, खालच्या स्वराला हात लावून परत येते. ही मींड टिपून ठेवता येत नाही, कारण तिचा वेग गाताना ठरतो. कीबोर्डवरचं स्वर वर-खाली करणारं पिच बेंडचं चाक फिरवून सॅम्पल घसरवता येतं, पण स्वराबरोबर पेटीही घसरते, आणि पुन्हा तो पोरकटपणा. त्यात स्वरस्थानांचा फरक. कीबोर्डचा शुद्ध गंधार ‘सा’पासून ४०० सेंटवर असतो (शेजारच्या दोन कळ्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), तानपुऱ्यात ऐकू येणारा सुमारे ३८६ वर. चौदा सेंट म्हणजे फार नाही, पण लांब ठेवलेल्या स्वरात ते खुपतात. मुंबईच्या सिनेसंगीतात एकेकाळी व्हायोलिनांचे मोठे ताफे असत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल स्वतः व्हायोलिनवादक. त्या ताफ्यांतले वादक एकदिलाने मींड घेत. मला परदेशी हॉलपेक्षा त्यांचा हेवा जास्त वाटतो.

शेवटी शहरातल्याच एका व्हायोलिनवादकाला बोलावलं. मे महिना, दुपारचे चार. कूलर बंद केला की दहा मिनिटांत तारा सैल पडून स्वर उतरायचा. लायब्ररी जागची हलायला तयार नाही, त्यामुळे दर टेकला खुंट्या त्यांनीच पिळायच्या. वरची सुरावट त्यांनी एकट्याने वाजवली. मी लायब्ररीतली पहिली व्हायोलिनं, म्हणजे वरची ओळ वाजवणारा गट, पूर्ण काढून टाकली. दुसरी व्हायोलिनं, व्हिओला आणि चेलो तेवढे खाली ठेवले. गंमत अशी की एका खऱ्या गजाने खालचा सगळा ताफा खरा वाटायला लागला. कान वरची ओळ धरून चालतो. तिथले सांधे खरे असले की खालच्यांची तो फार चौकशी करत नाही. लायब्ररीत मुरलेला हॉलचा घुमार काढता येत नव्हता, म्हणून त्यांच्या व्हायोलिनलाच तसा घुमार जोडला; नाहीतर ते गोधड्यांच्या खोलीत आणि बाकीचे परदेशात बसल्यासारखे वाटत होते.

आत्याला पुन्हा ऐकवलं. या वेळी तिने पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाली, “बेस शे. पण ढोलकी काबर कमी करी?”