कृष्णाकाठचा महापूर : अलमट्टीकडे गेलेले बोट

ऑगस्ट 2019 च्या पहिल्या पंधरवड्यात सांगली-कोल्हापुरात दोन गोष्टी एकदमच चालू होत्या. राज्याच्या कानाकोपऱ्यातून चपात्या, पाण्याच्या बाटल्या, चादरी आणि चारा भरलेले ट्रक येत होते. आणि त्याच मदतीच्या रांगेत ‘अलमट्टीने बुडवले’, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातील धरणामुळे पूर आला, हे वाक्य कानावर पडत होते. मदत महिन्याभरात ओसरली, आरोप मात्र आजही ताजा आहे. तो कुठून आला आणि त्याच्या आड काय राहून गेले, हे पाहण्यासारखे आहे.

पूर या काठाला नवा नाही. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरून पादुकांवरून दक्षिण दारातून बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि स्नानाला गर्दी लोटते. कृष्णामाई चढेल, उतरेल, मागे गाळ ठेवून जाईल, अशी ही समजूत होती. पाणी अडवणारे दरवाजे आले तशी ती बदलत गेली, कारण आता पाणी कुणीतरी सोडत होते. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. ठरावीक पातळीला ते आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून 1428 क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी येते. तरीही ‘कितवा उघडला’ याकडे अख्ख्या कोल्हापूरचे कान असतात.

अलमट्टीचा वाद इथूनच समजून घ्यावा लागतो. धरण कर्नाटकात, सांगलीपासून नदीच्या वाटेने दोनशे किलोमीटरहून जास्त खाली. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये 519.60 मीटर पातळीपर्यंत पाणी साठवायला मुभा दिली. 2005 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांवर गेले (धोक्याची पातळी 45), आणि लोकांनी दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. 2010 मध्ये कृष्णा पाणीवाटप लवादाने उंची 524.256 मीटरपर्यंत नेण्यास हिरवा कंदील दाखवला, तेव्हा संशय पक्का झाला. 2019 मध्ये आयर्विनला 57 फूट ओलांडले गेले आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या पुढे गेली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे.

फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याचा, मुद्दा दोन्ही बाजूंनी फार सोपा करून मांडला जातो. एक बाजू म्हणते, धरण भरले की पाणी मागे सांगलीपर्यंत तुंबते. दुसरी बाजू नकाशावर 519.60 ची आडवी रेघ ओढते आणि ती सांगलीच्या कितीतरी खाली संपते, एवढे दाखवून विषय संपवते. पण वाहत्या नदीत फुगवटा ताटातल्या पाण्यासारखा सपाट नसतो. विसर्ग जितका मोठा, तितका पाण्याचा पृष्ठभाग वरच्या अंगाला चढता असतो. त्यात जलाशयाच्या शेपटाशी गाळ बसून तळ उचलला जातो आणि सांगली आणि अलमट्टीच्या मधल्या हिप्परगी बॅरेजची (बंधाऱ्याची) अडवणूक वेगळी. म्हणून खरा प्रश्न असा : कोणत्या दिवशी, किती आवक असताना, अलमट्टीची पातळी किती होती आणि दरवाजे किती उघडे होते? कृष्णाकाठच्या कार्यकर्त्यांची मागणी नेमकी हीच आहे. ऐन पावसाळ्यात पातळी 517 मीटरच्या आत ठेवा, म्हणजे पाणी पुढे सरकायला उतार राहील. ही मागणी भावनेच्या भरात केलेली नाही, तिला जलशास्त्राचा आधार आहे.

राज्य शासनाने नेमलेल्या अभ्यासगटाने 2020 मध्ये मात्र अलमट्टीला दोषमुक्त केले. त्यांचा भर अतिवृष्टी, धरणांखालचे मुक्त पाणलोट क्षेत्र आणि नदीपात्रातील अतिक्रमणे यांवर होता. काठावर हा निष्कर्ष फारसा कुणी स्वीकारला नाही. पण त्यातला मुक्त पाणलोटाचा मुद्दा टाळता येत नाही. कोयना आणि चांदोलीच्या भिंतीखाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाजाच्या ताब्यात नसतो.

‘कोयनेचे पाणी आधीच का सोडले नाही’ या प्रश्नालाही हिशेब आहे. एक लाख क्युसेक विसर्ग चोवीस तास चालू ठेवला तर 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जाते. खालच्या गावांना सोसवेल म्हणून 50 हजार क्युसेकने सोडायचे ठरवले, तर 10 टीएमसी जागा करायला सव्वादोन दिवसांहून जास्त लागतात. कोयनेची क्षमता 105 टीएमसी. म्हणजे निर्णय पाऊस सुरू व्हायच्या आधी, केवळ अंदाजाच्या भरवशावर घ्यावा लागतो. पाऊस हुकला तर उन्हाळ्यात ‘पाणी वाया घालवले’ असा आरोप येतो. त्या भीतीपोटी जुलैअखेर साठा चढता ठेवला जातो, आणि ऑगस्टमध्ये धरण भरत आलेले असताना नदीलाही पूर असला की सगळे दरवाजे एकदम उचलावे लागतात.

राग वाढायला शासनाचे वागणेही कारण ठरले. घर दोन दिवस पाण्याखाली असेल तरच कुटुंबाला 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ, असा आदेश भर पुरात निघाला. आधीची अट सात दिवसांची होती, आम्ही ती सैल केली, हे स्पष्टीकरण पत्र्यावर बसलेल्या माणसाला काय उपयोगाचे? 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि उरलासुरला विश्वासही गेला.

एवढ्या गदारोळात जवळचे निर्णय नजरेआड राहिले. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या क्षेत्रात, बांधकाम निषिद्ध. निळी आणि त्याहून मोठ्या पुराची लाल रेषा यांमधल्या भागात सशर्त परवानगी. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात त्या पट्ट्यात वसाहती उभ्या राहिल्या. शिरोलीजवळ महामार्गाचा मातीचा भराव पाण्याला आडवा आहे. तिथे कमानी किंवा खांबांवरचा पूल हवा, ही मागणी आजही चालू आहे. आणि सर्वांत बोचणारे म्हणजे पंचगंगेकाठचे चिखली-आंबेवाडी. 1989 च्या पुरानंतर या गावांना सोनतळीला भूखंड मिळाले, पण मालकी आणि कागदपत्रांचा घोळ सुटला नाही, म्हणून बहुतेक घरे नदीकाठीच राहिली. 2019 मध्ये तीच माणसे पुन्हा पाण्यात अडकली. तीस वर्षांत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड हातात देण्यासाठी शेजारच्या राज्याच्या परवानगीची गरज नव्हती.

जुलै 2021 मध्ये दोन्ही राज्यांचे अधिकारी विसर्गाबाबत आधीपासून संपर्कात होते. 2019 च्या आरोपांतून झालेला हा खरा फायदा. तरीही पंचगंगा 56 फुटांच्या पुढे गेली, महामार्ग पुन्हा बंद पडला. फरक इतकाच की 2019 चा धडा घेतलेली माणसे या वेळी जनावरांसह लवकर बाहेर पडली. 2025 च्या मे महिन्यात अलमट्टीच्या उंचीवाढीविरोधात सांगलीजवळ अंकलीला चक्काजाम झाला आणि महाराष्ट्राने कर्नाटकला विरोधाचे पत्र धाडले. कर्नाटकाने भूसंपादनाची तयारी पुढे नेली आहे. 524 चा वाद न्यायालयात आणि दिल्लीत चालेल. सोनतळीच्या भूखंडांचा आणि शिरोलीच्या भरावाचा निर्णय मात्र कोल्हापूर आणि मुंबईतच व्हायचा आहे.