पाणलोट विभागणी (महाराष्ट्र)

ज्या भूभागावर पडलेले पाणी उताराने वाहत एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळते, तो त्या प्रवाहाचा पाणलोट. पाण्याचा हिशेब आणि नियोजन यांसाठी राज्याची जमीन अशा पाणलोटांत वाटून घेणे म्हणजे पाणलोट विभागणी.

महाराष्ट्रात पाच खोरी आहेत: गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि कोकणातील पश्चिमवाहिनी नद्या. राज्याची जवळजवळ निम्मी जमीन एकट्या गोदावरीकडे उतरते, तर नर्मदेच्या वाट्याला अर्धा टक्काच येते. या खोऱ्यांच्या सीमा डोंगरांनी आखल्या आहेत. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेने तापी आणि गोदावरी वेगळ्या होतात, हरिश्चंद्र-बालाघाटाने गोदावरी आणि कृष्णेची उपनदी भीमा, महादेवाच्या डोंगरांनी भीमा आणि कृष्णा. जिल्ह्यांच्या सीमांना हे ठाऊक नसते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेचे पाणी प्रवरेतून गोदावरीला जाते, दक्षिणेचे सीना आणि घोड या नद्यांतून भीमेला. अशा जिल्ह्याचा पाण्याचा ताळेबंद जिल्हा म्हणून एकत्र मांडला, तर तो फसवाच ठरणार.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने खोऱ्यांची आणखी विभागणी करून राज्यात १,५०५ पाणलोट क्षेत्रे ठरवली. पुढील भूजल मूल्यांकनांत ही संख्या १,५३१ झाली. सरासरी आकार सुमारे २०० चौ. किमी. प्रत्येकाला नदीच्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक मिळून एक संकेतांक असतो. प्रत्यक्ष कामासाठी याहून लहान, साधारण ५०० हेक्टरांचे सूक्ष्म पाणलोट पाडतात. एका गावाचे शिवार दोन-तीन सूक्ष्म पाणलोटांत विभागले जाणे नेहमीचेच.

पाणलोटाच्या आतही जमीन एकसारखी नसते. माथ्याकडचा उतार म्हणजे अपधाव (पाणी वाहून जाण्याचे) क्षेत्र: इथे पाणी थांबत नाही, म्हणून सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले चर, खणायचे. मधला पट्टा पुनर्भरणाचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरण्याचा, आणि खालचा, नदीकाठचा, साठवणीचा. विहिरी खालीच अधिक लागतात, पण त्यांचे पाणी बऱ्याच अंशी वर मुरलेले असते. ‘माथा ते पायथा’ हा कामाचा क्रम यातूनच आला. माथा सोडून थेट नाल्यात बांध घातला, तर पहिल्या काही पावसांतच तो गाळाने भरू लागतो. चर, बांध अशा पाणलोट उपचारांचा खरा कस या क्रमातच आहे.

राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. अशा कठीण खडकात उथळ भूजलाची सीमा बहुधा जमिनीवरच्या जलविभाजकाशी, म्हणजे दोन पाणलोटांमधल्या उंचवट्याच्या रेषेशी, जुळते, त्यामुळे पाणलोट हे भूजल मोजण्याचेही सोयीचे एकक ठरते. तापी-पूर्णेच्या जाड गाळाच्या प्रदेशात मात्र हे गृहीत धरताना जपावे लागते.

किती पाणी मुरते आणि किती उपसले जाते यावरून पाणलोटांचे वर्गीकरण होते. उपसा वार्षिक उपलब्धतेच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर ‘सुरक्षित’, १०० टक्क्यांपलीकडे गेला तर ‘अतिशोषित’. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने अधिसूचित (सरकारने अधिसूचनेने जाहीर केलेल्या) क्षेत्रांसाठी पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद केली आहे. एकाच पाणलोटातील अनेक ग्रामपंचायतींना ती एका ठिकाणी बसवते.